पानशेतचे १०.६५ टीएमसी : कंपायलर स्थिरांक कसा सांभाळतो?

पावसाळा सुरू झाला की पुण्याच्या वृत्तपत्रांत रोज एक छोटी चौकट प्रसिद्ध होते. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांत किती पाणी जमा झाले, हे तीत टीएमसी आणि टक्केवारी अशा दोन्ही रूपांत दिलेले असते. त्यातील साठ्याचा आकडा दररोज बदलतो; धरणाच्या क्षमतेचा आकडा मात्र तोच राहतो. पानशेतची उपयुक्त साठ्याची क्षमता १०.६५ टीएमसी, वरसगावची १२.८२, टेमघरची ३.७१ आणि खडकवासल्याची १.९७, अशी चारही धरणांची मिळून २९.१५ टीएमसी. गणिताच्या भाषेत साठा हा 'चल' आहे, तर क्षमता हा 'स्थिरांक'.

पानशेतच्या आकड्यांकडे पुणेकर त्रयस्थपणे पाहू शकत नाहीत. मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवरील हे मातीचे धरण काम पूर्ण होण्यापूर्वीच १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फुटले आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. पानशेतचे धरण पुढे पुन्हा बांधण्यात आले आणि त्याचा जलाशय आज 'तानाजीसागर' या नावाने ओळखला जातो. किती पाणी आहे आणि किती मावते, हा प्रश्न या शहरासाठी केवळ अंकगणिताचा नाही.

साठ्याची टक्केवारी काढणारा संगणक प्रोग्रॅम अगदी लहान असतो. साठ्याला क्षमतेने भागायचे आणि शंभराने गुणायचे, की काम झाले. त्यातील १०.६५ ही संख्या प्रोग्रॅमर एकदा लिहितो आणि विसरून जातो. परंतु त्याने लिहिलेली संख्या आणि यंत्र प्रत्यक्ष वापरते ती संख्या यांच्यामध्ये कंपायलर उभा असतो. प्रोग्रॅमरच्या भाषेतील मजकूर यंत्राच्या भाषेत नेणारी ही प्रणाली स्थिरांकाला आपल्या पोटात कोणत्या रूपात ठेवते, यावर तो स्थिरांक पलीकडे शाबूत पोहोचतो की नाही हे ठरते. पुढील उदाहरणांत पानशेतचा आकडा घेतला आहे, तो केवळ विषय स्पष्ट करण्यासाठी. धरणावरील प्रत्यक्ष यंत्रणेशी या काल्पनिक प्रोग्रॅमचा संबंध नाही.

अक्षरांतून मूल्याकडे

कंपायलरला प्रथम दिसते ती संख्या नव्हे, तर अक्षरे. १०.६५ म्हणजे एक, शून्य, टिंब, सहा आणि पाच अशी पाच चिन्हे. कंपायलरचा पहिला टप्पा ही चिन्हे एकत्र वाचून 'ही एक संख्या आहे' असे ठरवतो. त्यानंतर त्या चिन्हांचे मूल्यात रूपांतर होते. प्रोग्रॅमरने १०.६५ लिहिले काय, १०.६५० लिहिले काय, किंवा १०६५ भागिले १०० या अर्थाची शास्त्रीय मांडणी केली काय, मूल्य एकच असते.

हे मूल्य कोठे ठेवायचे, या प्रश्नाने जुन्या काळी गमतीदार घोटाळे केले आहेत. आयबीएमने १९५७ मध्ये उपलब्ध करून दिलेल्या फोरट्रान भाषेच्या अनेक जुन्या कंपायलरमध्ये स्थिरांक स्मृतीतील एका सामायिक कोठारात ठेवले जात. एखाद्या उपप्रोग्रॅमकडे ४ हा स्थिरांक पाठवला, तर प्रत्यक्षात त्याचा स्मृतीतील पत्ता पाठवला जाई. उपप्रोग्रॅमने त्या पत्त्यावर ५ लिहून ठेवले, की त्यानंतर प्रोग्रॅममध्ये जेथे जेथे ४ लिहिले असेल, तेथे तेथे यंत्राला ५ दिसे. स्थिरांक अस्थिर झाल्याचे हे उदाहरण पुढे संगणकशास्त्राच्या वर्गांत वर्षानुवर्षे सांगितले गेले. आधुनिक कंपायलरच्या अंतर्गत रचनेत एकदा तयार झालेला स्थिरांक बदलताच येत नाही.

मूल्य आणि प्रकार यांची जोडी

कंपायलरच्या दृष्टीने स्थिरांक म्हणजे केवळ मूल्य नव्हे, तर मूल्य आणि प्रकार यांची जोडी. 'प्रकार' म्हणजे ती संख्या पूर्णांक आहे की दशांश चिन्ह असलेली, आणि तिच्यासाठी किती बिटांची जागा राखायची, याचा निर्णय. सातचा आकडा ८ बिटांत ठेवला आणि ६४ बिटांत ठेवला, तर माणसासाठी तो सातच असतो. कंपायलरसाठी मात्र ते दोन वेगवेगळे स्थिरांक असतात.

या जोडीचे महत्त्व पानशेतच्याच आकड्यावरून कळते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यामुळे पानशेतची क्षमता घनफुटांत लिहायची तर ती १०,६५,००,००,००० अशी होते. आज बहुतेक संगणकांवर सी आणि जावा या भाषांतील साधा पूर्णांक ३२ बिटांचा असतो आणि त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. पानशेत त्यात मावत नाही. ही संख्या थेट लिहिल्यास जावाचा कंपायलर ती मोठी असल्याचे सांगून प्रोग्रॅम नाकारतो. सी भाषेचा कंपायलर मोठ्या मापाचे भांडे शोधतो. साध्या पूर्णांकात न मावणाऱ्या दशमान स्थिरांकाला पुढचा मोठा प्रकार द्यावा, असा त्या भाषेचा नियमच आहे.

धोका निराळ्या ठिकाणी असतो. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात 'दशलक्ष घनफूट' हे एकक रूढ आहे. त्यानुसार प्रोग्रॅमरने १०,६५० गुणिले १०,००,००० असे लिहिले, तर दोन्ही संख्या सुट्या सुट्या ३२ बिटांत सहज मावतात. म्हणून दोन्हींचा प्रकार साधा पूर्णांक ठरतो आणि त्यांचा गुणाकारही त्याच प्रकारात होतो. तो तेथे मावत नाही. ३२ बिटांपलीकडचा भाग गळून पडतो आणि हाती येते २,०६,००,६५,४०८, म्हणजे सुमारे २.०६ टीएमसी. पानशेत क्षणात खडकवासल्याएवढे होते!

उत्तर ऋण आले असते किंवा अगदीच विचित्र आले असते, तर कोणाच्याही लक्षात आले असते. येथे मात्र ते एका खऱ्या धरणाला शोभेल असे आहे आणि म्हणूनच ते अधिक घातक. हा गुणाकार पुढे ६४ बिटांच्या जागेत ठेवला तरी उपयोग नाही, कारण चूक त्यापूर्वीच होऊन गेलेली असते. जावामध्ये असे गळणे भाषेच्या नियमाला धरूनच होते. सी भाषेच्या नियमांत अशा गुणाकाराला अर्थच दिलेला नाही. जीसीसीसारखा कंपायलर अशा वेळी सूचना देतो, परंतु ती वाचण्याचे कष्ट प्रोग्रॅमरला घ्यावे लागतात. उपाय सोपा आहे. दोनांपैकी एका संख्येला मोठ्या प्रकाराचे प्रत्यय-अक्षर जोडले, की संपूर्ण गुणाकार ६४ बिटांत होतो आणि पानशेत पूर्ववत भरते.

गणित कोणाच्या नियमाने?

वरील गुणाकार प्रोग्रॅम चालताना होतच नाही. दोन्ही संख्या आधीच ठाऊक असल्याने कंपायलर तो स्वतः करून टाकतो आणि यंत्रभाषेत फक्त उत्तर लिहितो. या क्रियेला 'कॉन्स्टंट फोल्डिंग' म्हणतात. प्रोग्रॅम लाख वेळा चालला तरी तो गुणाकार एकदाच, तोही प्रोग्रॅम तयार होताना होतो.

येथे एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. कंपायलर चालतो एका संगणकावर आणि तयार झालेला प्रोग्रॅम चालणार असतो दुसऱ्याच यंत्रावर. उदाहरणार्थ, पाण्याची पातळी मोजणाऱ्या लहान उपकरणातील चिपवर साधा पूर्णांक १६ बिटांचा असू शकतो आणि त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ असते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकहून अधिक विसर्ग सोडण्यात आला होता आणि सिंहगड रस्त्यालगतच्या वस्तीत पाणी शिरले होते. ३५० गुणिले १०० हा हिशेब कार्यालयातील संगणकावर ३५,००० देतो. १६ बिटांच्या चिपवर मात्र त्याचे सामान्यतः उणे ३०,५३६ होतात. कंपायलरने आपल्या यजमान संगणकाच्या गणिताने उत्तर काढले, तर प्रोग्रॅमचा एक भाग एक सांगेल आणि दुसरा भाग दुसरेच.

म्हणूनच चांगला कंपायलर यजमान यंत्राच्या गणितावर विसंबून राहत नाही. तो स्वतःचे गणित बाळगतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रथम प्रसृत केलेल्या जीसीसी कंपायलरमध्ये पूर्णांक स्थिरांक अनेक वर्षे दोन तुकड्यांत, वरचा आणि खालचा असा, ठेवला जात असे. संख्यांची रुंदी वाढत गेली तशी ही सोय अपुरी पडू लागली आणि २०१५ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून हव्या तेवढ्या रुंदीचे पूर्णांक हाताळणारी नवी रचना वापरात आली.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालेल्या एलएलव्हीएम या प्रकल्पाने काहीशी वेगळी वाट धरली. ख्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक, आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी असलेले प्रा. विक्रम अडवे यांनी हा प्रकल्प उभा केला. एलएलव्हीएममध्ये पूर्णांकाची रुंदी जवळजवळ कितीही बिटांची असू शकते. ६४ बिटांपर्यंतची संख्या त्या नोंदीतच बसवली जाते. त्याहून मोठी असल्यास तिच्यासाठी स्वतंत्र जागा घेऊन ६४-६४ बिटांचे तुकडे ओळीने मांडले जातात. या रचनेत पूर्णांक धन की ऋण, याची नोंद प्रकारात नसते. १६ बिटांतील ३५,००० आणि उणे ३०,५३६ यांचे बिट तंतोतंत सारखे असल्याने कंपायलरच्या लेखी तो एकच स्थिरांक असतो. त्याचा अर्थ कसा लावायचा, हे भागाकार किंवा तुलना यांसारखी क्रिया ठरवते.

एका मूल्याची एकच प्रत

मोठ्या प्रोग्रॅममध्ये शून्य, एक किंवा शंभर हे आकडे हजारो ठिकाणी येतात. प्रत्येक वेळी नवी नोंद केली तर स्मृती वाया जाते आणि वेळही. एलएलव्हीएममध्ये एका प्रकाराच्या एका मूल्याची एकच प्रत असते. नवा स्थिरांक हवा असेल, तर आधी कोष्टकात शोध घेतला जातो. तो सापडला तर तीच प्रत दिली जाते, अन्यथा नवी तयार करून कोष्टकात घातली जाते. याचा मोठा लाभ असा, की दोन स्थिरांक सारखे आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांची मूल्ये ताडून पाहावी लागत नाहीत. त्यांचे स्मृतीतील पत्ते एकच आहेत का, एवढे पाहिले की पुरते. प्रत एकच असल्याने ती कोणालाही बदलू देता येत नाही. फोरट्रानच्या जुन्या घोटाळ्याला अशा प्रकारे मुळातच आळा बसतो.

स्थिरांक केवळ सुट्या संख्यांचे नसतात. दहा हजार शून्यांची यादी असेल, तर दहा हजार नोंदींऐवजी 'हे सर्व शून्य आहे' अशी एकच नोंद पुरते. वाक्ये आणि नावे हेही स्थिरांकच. याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे पत्ता. एखादी माहिती स्मृतीत नेमकी कोठे बसेल, हे कंपायलरला त्या क्षणी ठाऊक नसते. पण प्रोग्रॅम चालू असताना तो पत्ता बदलणार नाही, एवढी खात्री असते. नव्या इमारतीतील घराला क्रमांक मिळायचा असला, तरी मिळाल्यावर तो कायम राहणार, तसेच हे. म्हणून कंपायलर अशा पत्त्यालाही स्थिरांक मानतो आणि त्याची प्रत्यक्ष संख्या भरण्याचे काम पुढच्या टप्प्यावर सोपवतो.

दशांश चिन्हापलीकडचे पाणी

आतापर्यंत पूर्णांकांचा विचार झाला. १०.६५ ही संख्या मात्र पूर्णांक नाही आणि खरी अडचण तेथेच आहे. संगणक द्विमान पद्धतीत मोजतो. त्या पद्धतीत १० म्हणजे १०१०, येथवर ठीक. परंतु ०.६५ द्विमानात लिहू लागले, की .१० १००१ १००१ १००१ अशी न संपणारी रांग लागते. एक तृतीयांश दशमानात लिहिताना ०.३३३… कधी संपत नाही, तसाच हा प्रकार. कोठेतरी थांबावेच लागते.

कोठे थांबायचे, हे पुन्हा प्रकारच ठरवतो. १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकानुसार ३२ बिटांच्या दशांश प्रकारात संख्येचे २४ अर्थपूर्ण बिट राहतात, तर ६४ बिटांच्या प्रकारात ५३. पहिल्या प्रकारात पानशेतची क्षमता १०.६५ ऐवजी सुमारे १०.६४९९९९६२ होते. हा फरक पाण्यात मोजला तर सुमारे ३८१ घनफूट, म्हणजे साधारण १०,८०० लिटर भरतो. पाण्याचा एक टँकर कमी झाला! दुसऱ्या प्रकारात १०.६५ किंचित वर सरकते, पण तो फरक पाण्याच्या एका थेंबाहूनही कमी आहे.

दहा अब्जांहून अधिक घनफुटांत एका टँकरचा फरक नगण्य आहे, असे कोणी म्हणेल आणि मोजमापाच्या दृष्टीने ते खरेच आहे. परंतु प्रोग्रॅममध्ये 'साठा क्षमतेएवढा झाला का?' असा प्रश्न असेल, तर परिस्थिती पालटते. साठा ३२ बिटांच्या प्रकारात ठेवलेला आणि सी भाषेत १०.६५ असा साधा लिहिलेला स्थिरांक ६४ बिटांचा, अशी जोडी जमली, तर धरण काठोकाठ भरूनही तुलना म्हणते, 'अजून भरले नाही'. दोन्ही बाजूंना १०.६५ च लिहिलेले असते; कंपायलरच्या पोटात मात्र ते दोन भिन्न आकडे असतात. म्हणून दशांश संख्यांची तुलना नेहमी थोडी मुभा ठेवून करावी, असा दंडक आहे.

अशा नगण्य फरकाची किंमत जगाने मोजलेली आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. या यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दशांशांत मोजत असे आणि त्या मोजणीला ०.१ या स्थिरांकाने गुणून सेकंद काढले जात. ०.१ देखील द्विमानात कधीच संपत नाही. २४ बिटांच्या जागेत तो तोडावा लागला होता. यंत्रणा सुमारे शंभर तास अखंड चालू राहिल्याने तो कणभर फरक साचत जाऊन सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढा झाला. तेवढ्या वेळात क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे गेलेले असते.

कंपायलर आपल्या परीने काळजी घेतो. जीसीसी दशांश स्थिरांकांचे आकडेमोडीचे काम दीडशेहून अधिक बिटांच्या अंतर्गत रूपात करतो आणि शेवटी लक्ष्य-यंत्राच्या मापात आणतो. गूगलने २००९ मध्ये जाहीर केलेल्या गो भाषेत तर स्थिरांकाला प्रकार नसला तरी चालते. असा स्थिरांक किमान २५६ बिटांच्या अचूकतेने सांभाळला पाहिजे, असा नियम आहे. तेथे १०,६५० गुणिले १०,००,००० याचे उत्तर बरोबरच येते आणि ते ३२ बिटांच्या जागेत कोंबण्याचा प्रयत्न केला, तर कंपायलर प्रोग्रॅमच नाकारतो. चूक गिळून पुढे जाण्यापेक्षा अडून बसणे बरे, हा त्यामागचा विचार.

स्थिरांकाचा प्रसार

स्थिरांक एकदा ओळखला, की कंपायलर तो प्रोग्रॅमभर पसरवतो. 'क्षमता' या नावाला १०.६५ हे मूल्य दिले असेल आणि पुढे ते कोठेही बदलत नसेल, तर प्रत्येक ठिकाणी नावाऐवजी मूल्यच वापरता येते. याची शास्त्रशुद्ध पद्धत गॅरी किल्डॉल यांनी १९७३ मध्ये मांडली. मार्क वेगमन आणि केनेथ झाडेक यांनी १९९१ मध्ये तिचे अधिक कार्यक्षम रूप दिले. या पद्धतीत प्रत्येक नावाची स्थिती तीनपैकी एक असते : अद्याप काही ठाऊक नाही, अमुक एक स्थिरांक आहे, किंवा स्थिरांक नाही. प्रोग्रॅमच्या दोन वाटांनी एकाच नावाला दोन वेगळी मूल्ये आली, तर कंपायलर मुकाट्याने तिसऱ्या स्थितीत जातो. शंका असेल तेथे दावा करायचा नाही, हे या शास्त्राचे मूलतत्त्व आहे.

या विषयात महाराष्ट्राचेही योगदान आहे. आयआयटी मुंबईतील प्रा. धनंजय ढमढेरे यांची कंपायलरवरील पाठ्यपुस्तके अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. त्याच संस्थेतील प्रा. उदय खेडकर आणि प्रा. अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला 'डेटा फ्लो अॅनालिसिस : थिअरी अँड प्रॅक्टिस' हा ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जीसीसीचे अंतरंग उलगडून दाखवणारे केंद्रही आयआयटी मुंबईत उभे राहिले.

विश्वासाची मर्यादा

स्थिरांक मूल्य म्हणून वाचला जातो, त्याला प्रकार मिळतो, लक्ष्य-यंत्राच्या नियमांनी त्याचे गणित होते, त्याची एकच प्रत जपली जाते आणि मग तो प्रोग्रॅमभर पसरतो. या साखळीत कंपायलर बहुतेक वेळा चोख असतो. चुका होतात त्या प्रकार ठरवताना, आणि तो निर्णय नकळत का होईना, प्रोग्रॅमरचाच असतो.

याहून एक मोठा निर्णयही माणसाच्याच हाती राहतो. धरणात दरवर्षी गाळ येतो आणि गाळ साचला की मावणारे पाणी कमी होत जाते. म्हणजे क्षमता हा खरे तर अतिशय हळू बदलणारा चल आहे. सोयीसाठी माणसाने त्याला स्थिरांक म्हटले आहे. कंपायलर ते जाणू शकत नाही. त्याला १०.६५ स्थिर आहे असे सांगितले, की तो ते शंकेविना मानतो आणि प्रोग्रॅमच्या कानाकोपऱ्यात पोहोचवतो. म्हणूनच असा आकडा प्रोग्रॅममध्ये ठिकठिकाणी विखरून न लिहिता एकाच जागी, नाव देऊन लिहावा, असे जाणकार सांगतात. पुढील पाहणीत क्षमतेचा नवा आकडा आला, तर तो एकाच ओळीत बदलला की संपूर्ण प्रोग्रॅम बदलतो. दिलेला आकडा इमानाने पोहोचवणे हे कंपायलरचे काम. तो आकडा धरणाशी इमान राखतो की नाही, हे पाहणे माणसाचे.